सूर्यफुलाच्या मापाने करडई

फेब्रुवारी महिना होता. ‘सूर्यफुलाच्या कुलातील एक वनस्पती फुलोऱ्यासह आणा’ असे आम्ही दोघा शिक्षकांनी नववीच्या वर्गाला सांगितले होते. बहुतेकांनी झेंडू आणला, काहींनी शेवंती. एका मुलीने वर्तमानपत्रात गुंडाळून करडईची फांदी आणली. तिच्या बोटांना दोन-तीन ठिकाणी काटे रुतलेले होते. आम्ही बोंड उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, ‘‘यात किरणपुष्पके कुठे आहेत?’’ तिने बोंडाकडे पुन्हा एकदा निरखून पाहिले. किरणपुष्पके नव्हतीच. आम्ही फांदी बाजूला ठेवली आणि उद्या झेंडू घेऊन ये, असे सांगितले. तिने तो आणला.

मुलगी बरोबर होती. करडई सूर्यफुलाच्याच कुलातली आहे. आमची चूक निव्वळ अज्ञानातून झाली असती तर ती सांगण्यात फारसा अर्थ नव्हता. पण हे कुल आम्ही कॉलेजात शिकलो होतो आणि त्याची लक्षणे आम्हाला पाठ होती. चूक झाली ती लक्षणे पाठ होती म्हणूनच. म्हणून हा धडा ज्या रीतीने लिहिला जातो, तिच्याविषयी थोडे बोलायचे आहे.

या कुलाचा धडा आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक पुस्तकांत एकाच साच्याचा असतो. सुरुवातीला सूर्यफुलाचे चित्र. मग ‘जे एक फूल दिसते ते फूल नसून अनेक पुष्पकांचे स्तबक आहे’ हे वाक्य. मग कडेची जिभेसारखी किरणपुष्पके आणि मधली नळीसारखी बिंबपुष्पके, दोन्हींच्या आकृत्या, दोन्हींची नावे. पुढे दहा-बारा लक्षणांची यादी, तीत कुठेतरी सातव्या-आठव्या क्रमांकावर ‘परागकोश जुळलेले’. शेवटी ‘आर्थिक महत्त्व’ या मथळ्याखाली तेलबिया म्हणून सूर्यफुलाबरोबर करडईचे नाव! म्हणजे करडई कुलात आहे हे पुस्तकाला ठाऊक असते. पण ती वर दिलेल्या आकृतीत बसत नाही, हे ते सांगत नाही.

सूर्यफुलाची निवड वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. फुलोरा मोठा, मिळायला सोपा, उभा कापला तरी सगळे भाग ठळक दिसतात. पण नमुना म्हणून घेतलेली वनस्पती हळूहळू कुलाची व्याख्या होऊन बसते. त्यातही मुलांच्या लक्षात राहते ते सर्वांत देखणे लक्षण, म्हणजे कडेच्या पिवळ्या पाकळ्या. नेमके तेच लक्षण कुलात सर्वत्र नाही. करडईच्या बोंडातली सारी पुष्पके नळीसारखी, टोकाला पाच पाळ्यांची.

इंग्रजीत ज्यांना ‘थिसल’ म्हणतात, त्यांचे हे घराणे. वनस्पतिशास्त्रात त्याला कार्ड्युई म्हणतात आणि त्यात सुमारे २,४०० जाती मोजतात. भूमध्य समुद्राभोवतालच्या आणि मध्य आशियातल्या कोरड्या मुलखात त्यांची गर्दी आहे. स्कॉटलंडचे राष्ट्रचिन्ह असलेले थिसल यातलेच. आपल्याकडे भाषांतरित बालपुस्तकांत त्याचे ‘काटेरी झुडूप’ होते आणि विषय तिथेच संपतो. करडई, माळरानावरचा उंटकटारा, औषधात वापरली जाणारी ब्रह्मदंडी ही त्याच घराण्यातली नावे आहेत, पण भाषांतरकाराला त्यांची आठवण होत नाही.

‘काटेरी झुडूप’ म्हटल्याने आणखी एक घोटाळा होतो. काटा हीच ओळख ठरते. मग पिवळा धोतराही याच रांगेत येऊन बसतो; त्याची पाने पाहिली तर कोणीही फसेल. पण त्याचे फूल म्हणजे खरोखरच एक फूल असते. मोकळ्या पाकळ्या, पुष्कळ पुंकेसर, तोडल्यावर येणारा पिवळा चीक, आणि बियांनी भरलेले बोंड. तो अफूच्या कुलातला, मेक्सिकोकडून आलेला. त्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने १९९८ साली दिल्लीत जलशोथाची साथ येऊन माणसे दगावली होती. त्याला करडईच्या रांगेत बसवणे ही केवळ परीक्षेतली चूक राहत नाही.

आणि काटा हे लक्षण एका झाडातही टिकत नाही. सोलापूरकडच्या मुलांना हे आमच्यापेक्षा चांगले माहीत असते. पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्या-दीड महिन्यात करडईची पाने मऊ असतात, तेव्हा त्यांची भाजी करतात. तीच करडई काढणीला येते तेव्हा पहाटेच्या दवाने काटे नरम असतानाच कापून घ्यावी लागते. ज्वारीच्या शेताच्या कडेने करडई लावतात ती जनावरांना अडवायला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तर ‘नारी-६’ हे बिनकाट्याचे वाण तयार केले. काटे गेले म्हणून ते झाड करडईच्या घराण्यातून बाहेर पडले नाही.

मग घराण्याची खूण कोणती? इथे उंटकटारा बाहेर काढावा. आपल्या पठारावर हिवाळ्यात भरपूर मिळतो. हातमोजे नसतील तर चिमटा घ्यावा. त्याचा गोल गेंद पाहून मुले त्याला एक स्तबक म्हणतात. तो सावकाश सुटा केला की प्रत्येक पुष्पकाभोवती छदांचे वेगळे वेष्टन सापडते. म्हणजे प्रत्येक पुष्पक हेच एकेक स्तबक, एकाच फुलाचे, आणि गेंद म्हणजे स्तबकांचे स्तबक. सूर्यफुलात पुष्पके कडेकडून मध्याकडे उमलत जातात. उंटकटाऱ्याच्या प्रजातीत उमलणे सहसा माथ्यावरून सुरू होऊन खाली उतरते. दोन-तीन दिवस एकच गेंद पाहत राहिले तर वर्गाला हे स्वतः टिपता येईल.

या रचनेने लिनिअसलाही चकवले होते. त्याच्या नंतरच्या मांडणीत उंटकटाऱ्याची प्रजाती भाताच्या खाचरात उगवणाऱ्या गोरखमुंडीच्या प्रजातीबरोबर ठेवलेली आहे, कारण दोन्हींत लहान स्तबकांचा एक मोठा गेंद बनतो. वरवर पाहता हे अगदी पटण्यासारखे आहे. पण आज त्या दोघी कुलाच्या वेगवेगळ्या शाखांत आहेत. गेंद दोन्हीकडे स्वतंत्रपणे बनला. लिनिअसला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हाला निदान करडईच्या प्रसंगानंतर उरलेला नाही.

ही गुंतागुंत सोडवायला सुरुवात केली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आंरी कॅसिनी या फ्रेंच माणसाने. घराणे खगोलशास्त्रज्ञांचे, व्यवसाय न्यायाधीशाचा, आणि छंद या कुलाची बारीक फुले भिंगाखाली उलगडण्याचा. त्याने डोळ्यांत भरणारी लक्षणे बाजूला ठेवली आणि किंजल व परागकोश पाहिले. करडईच्या घराण्यात किंजलाला जिथे फाटे फुटतात त्याच्या खाली केसांचे कडे किंवा फुगवटा असतो. काटे असोत, नसोत, गेंद असो वा बोंड, ही खूण सापडते. बागेतले निळे कॉर्नफ्लॉवर बिनकाट्याचे, तरीही याच खुणेमुळे त्याचे या घराण्यातले स्थान पक्के आहे.

जुळलेल्या परागकोशांची नळी मात्र साऱ्या कुलाची. पराग नळीच्या आत सांडतात आणि वाढणारा किंजल ते पिचकारीच्या दट्ट्यासारखे वर ढकलतो. आमच्या मते धड्याचा पहिला परिच्छेद हा असायला हवा. तो सूर्यफुलातही दाखवता येतो, करडईतही. पुस्तकात तो सातव्या क्रमांकावर दोन शब्दांत संपतो.

किरणपुष्पके कुलाचे मूळ लक्षण नाहीत, याला आता रेणूंच्या अभ्यासाचाही आधार आहे. १९८७ साली जॅन्सेन आणि पामर यांनी हरितलवकातल्या डीएनएचा एक उलटलेला तुकडा दाखवून दिला. तो सूर्यफुलात आहे, करडईच्या घराण्यात आहे. पण दक्षिण अमेरिकेतल्या एका लहान गटात नाही. म्हणजे तो गट सर्वांत आधी वेगळा झाला. करडईचे घराणे आणि सूर्यफूल पुढे वेगवेगळ्या फांद्यांवर गेले. एका फांदीचे वैशिष्ट्य साऱ्या झाडाला लावणे हीच आमची चूक होती.

ओळखसूच्यांविषयीही एक तक्रार आहे. त्यांत फळावरच्या पिच्छाचा प्रश्न फार लवकर येतो: केस साधे की पिसासारखे? याच भेदावर कार्डुअस आणि सर्सियम या दोन प्रजाती वेगळ्या मानतात, आणि तो भेद उपयुक्तही आहे. पण मुलाच्या हाती फूल असते, पिकलेले फळ नसते. लागवडीच्या करडईच्या बहुतेक फळांवर तर पिच्छ नसतेच. शिवाय नावे बदलत राहतात. उत्तर भारतात गव्हाच्या शेतात माजणाऱ्या एका थिसलला लिनिअसने १७५३ साली सेराट्युला म्हटले, स्कोपोलीने १७७२ साली सर्सियममध्ये नेले, आणि हूकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त ते क्निकस म्हणून सापडते. झाड युरोप-आशियातले असूनही अमेरिकेत त्याला कॅनडाचे म्हणतात, ते वेगळेच! जुने पुस्तक आणि नवी सूची शेजारी ठेवून शिकवणाऱ्याला हे कोणी आधी सांगितलेले नसते.

यंदा आम्ही प्रश्न बदलला. ‘काटेरी वाटणारी कोणतीही फुललेली वनस्पती आणा आणि तिच्या एका फुलातले परागकोश मोकळे आहेत की जुळलेले ते भिंगातून पाहून सांगा’ असे सांगितले. करडई आली, उंटकटारा आला, रिंगणी आली, पिवळा धोतराही आला. रिंगणीच्या मुलाने ‘जुळलेले’ असे लिहिले, कारण तिचे पिवळे परागकोश एकमेकांना टेकून शंकूसारखे उभे असतात. शेजारच्या मुलीने टाचणीने ते एकेक सुटे करून दाखवले. धोतऱ्याचे मोजता मोजता तास संपला.

ती करडईवाली मुलगी आता दहावीत आहे. तिला वर्गात बोलावून आमची चूक सांगितली. ती म्हणाली, ‘‘सर, मला वाटलं तेलाच्या यादीत नाव आहे म्हणजे असेलच.’’