‘मित्राची गोष्ट’ आणि आधाराचा प्रश्न

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील सुमित्रा देव ऊर्फ मित्रा ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी साकारली होती. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ किंवा ‘घाशीराम कोतवाल’ यांच्या मानाने या नाटकाची चर्चा फारच कमी झाली. स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम मराठी रंगभूमीवर आणणारे धाडसी नाटक, एवढे म्हणून बहुधा त्याची बोळवण केली जाते. आमच्या मते धाडस हा या नाटकाचा एक पैलू झाला. त्याच्या मुळाशी प्रश्न आहे तो आधाराचा.

शीर्षकातच एक श्लेष दडलेला आहे. ही गोष्ट मित्रा नावाच्या मुलीची, तशीच ती एका मित्राचीही. कॉलेजातला बुजरा बापू निवेदन करतो आणि मित्रा आपल्याला दिसते ती त्याच्याच नजरेतून. ती आपले मन त्याच्यापाशी मोकळे करते. तिला आणि नमाला भेटता यावे म्हणून तो आपली खोली देतो, त्यापायी लोकांचा रोष आणि मनस्ताप सोसतो. शेवटी मात्र तो थकतो, तिच्याशी संबंध तोडतो आणि मित्रा आत्मनाशाकडे जाते. बापू दुष्ट नाही. तो एकटा आहे. एका मुलीच्या आयुष्याचा सारा भार एकाच तरुणाच्या चांगुलपणावर टाकला, तर तो चांगुलपणा कधीतरी वाकणारच. तेंडुलकरांनी हे फार अचूक टिपले आहे.

आमचा आक्षेप आहे तो पुढच्या भागाला. मित्राचा हट्टीपणा आणि बेफामपणा नाटकात इतका ठळक होत जातो, की तिचा अंत तिच्या स्वभावातूनच ओढवला असे प्रेक्षकाला वाटू लागते. तिच्यासारखी दुसरी स्त्री नाटकात कोठेही तिच्या पाठीशी उभी राहताना दिसत नाही. परिणामी प्रेक्षक हळहळतो, परंतु अस्वस्थ होऊन स्वतःकडे पाहत नाही.

आज हे नाटक वाचताना आणखी एक विचार मनात येतो. मित्राला लपवाछपवी जमत नाही, आडपडदा ठेवून बोलणे जमत नाही. भोवतालच्यांना ती विचित्र वाटते. म्हणून तिच्यावर एखादे वैद्यकीय निदान चिकटवावे असे आम्ही मुळीच सुचवत नाही. पात्रांची तपासणी करणे हे समीक्षेचे काम नव्हे. परंतु ज्यांची मेंदूची घडणच वेगळी आहे, ज्यांना आता न्यूरोडायव्हर्जंट म्हटले जाते, अशा समलिंगी स्त्रिया आपल्यात आहेत आणि त्यांची कोंडी मित्रापेक्षाही बिकट आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचे जे पहिले वर्णन केले, त्यातील ११ मुलांपैकी मुली केवळ ३ होत्या. ही अवस्था प्रामुख्याने मुलग्यांची, हा समज त्यानंतरही दीर्घकाळ टिकला. त्यामुळे असंख्य मुली ‘तऱ्हेवाईक’, ‘घुमी’, ‘हट्टी’ अशी विशेषणे सोसतच मोठ्या झाल्या. मराठीत रूढ झालेला ‘स्वमग्न’ हा शब्दही, जणू ती स्वतःच दार लावून बसली आहे, असाच दोष सुचवतो.

अशा स्त्रीने आपले प्रेम बोलून दाखवले, तर ‘तिला काय कळते!’ असे म्हणून ते खोटे ठरवले जाते. आणि तेच प्रेम तिच्या मनाच्या बिघाडाचा पुरावा म्हणूनही पुढे केले जाते. एका वेगळेपणाने दुसऱ्याचे तोंड बंद करण्याचा हा प्रकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींमधील संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. दिव्यांगांच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचाराच्या प्रसंगी आपला प्रतिनिधी म्हणून कोणाही सज्ञान व्यक्तीचे नाव साध्या कागदावर लिहून देता येते. तो नातेवाईकच असावा लागत नाही. म्हणजे आजच्या मित्राला आपल्या बापूचे नाव कायदेशीरपणे लिहून देता येईल. प्रश्न उरतो तो बापूच्या मागे कोण उभे राहणार, हा.

येथे बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मंडळांचा संबंध येतो. परक्या मुलखात आलेल्या कुटुंबांना एकट्याने तग धरणे कठीण, हे ओळखूनच आपल्या पूर्वजांनी ही मंडळे उभारली. आज त्यांच्यातील स्त्रियांचे कार्यक्रम बहुतांशी हळदीकुंकू आणि वधू-वर मेळावा यांभोवती फिरतात. जिला लग्न करायचे नाही, जिला ध्वनिक्षेपकाचा कल्लोळ आणि गर्दी सोसत नाही, तिने तेथे कोठे बसावे? वाचनालयातील एक शांत दालन, कार्यक्रमाचा तपशील आधी लेखी कळवण्याची पद्धत, ‘लग्न कधी?’ हा प्रश्न न विचारण्याचा संकेत, आणि तिची गोष्ट तिच्या परवानगीवाचून घरी न पोहोचवणाऱ्या चार-पाच विश्वासू व्यक्ती, एवढ्यानेही सुरुवात होऊ शकते. यासाठी फारसा खर्च नाही. मात्र काय हवे हे त्या स्त्रियांनाच विचारले पाहिजे. नाहीतर त्यांची गोष्ट पुन्हा दुसराच कोणी सांगत राहील.

तेंडुलकरांच्या मित्राला एक मित्र होता, समाज नव्हता. नाटक पुन्हा वाचणाऱ्याने ही उणीव मित्राच्या स्वभावात शोधू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.