तोंडी परीक्षेचे तीस गुण

आपल्या नियतकालिकांतून कथा, कविता आणि आत्मकथने यांची समीक्षा होते, आणि ती व्हायलाच हवी. परंतु आपल्या मुलांचे भवितव्य ठरविणारे आणखी एक लेखन आहे, त्याकडे आपला समीक्षक फिरकत नाही. ते लेखन म्हणजे विद्यापीठांच्या प्रवेशाच्या नियमावल्या. त्यांची भाषा कोरडी असते, म्हणून त्या निःपक्षपाती आहेत अशी आपली समजूत होते. ती समजूत तपासून पाहावी, एवढ्याच हेतूने पीएच.डी.च्या प्रवेश-नियमांविषयी मी येथे लिहीत आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीने लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती ठेवली. तीत पन्नास टक्के मिळवा आणि मुलाखतीला या. पुढचा निर्णय मुलाखतीवर. या पन्नास टक्क्यांत अनुसूचित जाती-जमातींना सवलतही नव्हती. ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मुलाखतीला दिलेले हे शंभर टक्के वजन अवैध ठरविले. त्याच वर्षी आयोगानेही नियम बदलून लेखीला सत्तर आणि मुलाखतीला तीस असे प्रमाण केले, व सवलत दिली. २०२२ च्या नियमावलीत हेच प्रमाण राहिले. २०२४ मध्ये ‘नेट’चे गुण प्रवेशासाठी धरण्याचा निर्णय झाला, तेव्हाही सत्तर आणि तीसच. ज्याला कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली आहे त्याचा प्रवेश तर मुलाखतीवरच ठरतो. म्हणजे देशपातळीवरच्या परीक्षेत जो सर्वांत पुढे आला, त्याच्याही नशिबाची किल्ली बंद खोलीतल्या तीन-चार माणसांच्या हातीच राहिली.

लेखी परीक्षा निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. ‘नेट’च्या बहुतेक विषयांच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असतात. मराठीतून समाजशास्त्र किंवा इतिहास शिकलेल्या खेड्यातल्या मुलाची निम्मी शक्ती प्रश्न समजून घेण्यातच खर्च होते. तरीही लेखी परीक्षेत एक गोष्ट घडते: तपासणाऱ्याला उत्तर दिसते, माणूस दिसत नाही. तोंडी परीक्षेत आधी माणूस दिसतो. त्याचे आडनाव, त्याचा उच्चार, त्याची चप्पल, त्याचे गाव हे सारे त्याच्या उत्तराआधीच खोलीत शिरते.

हे कुणाला आमचे जुने रडगाणे वाटेल. त्यांनी न्यायालयाची कागदपत्रे पाहावीत. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखीला शंभर आणि तोंडीला पन्नास गुण होते. उमेदवारांची तक्रार अशी, की मुलाखत दोन-तीन मिनिटांची झाली आणि वडील कोण, राहता कुठे, एवढेच विचारले गेले. ‘अजय हसिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात नोव्हेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीला ठेवणे मनमानीपणाचे ठरेल, असे न्या. भगवती यांनी सांगितले. मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, ही इच्छाही व्यक्त केली. तो खटला पदवीच्या प्रवेशाचा होता, संशोधनाची गोष्ट वेगळी, असे कुणी म्हणेल. गोष्ट वेगळी असेलही. परंतु बंद खोलीतला माणूस वेगळा नाही. आज चार दशकांनंतर आपण पंधराच्या दुप्पट आकड्यावर उभे आहोत आणि तो आकडा उदार आहे असे आपल्याला सांगितले जाते.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्रा. अब्दुल नफी यांच्या समितीने २०१६ मध्ये तेथील प्रवेशांची आकडेवारी तपासली होती. मुलाखतीत वंचित समाजातील उमेदवारांच्या बाबतीत भेदभाव होत असल्याचे दिसते आणि मुलाखतीचे गुण तीसवरून पंधरावर आणल्यास तो कमी होईल, असा तिचा निष्कर्ष होता. त्याच विद्यापीठात मागास जिल्ह्यांतून येणाऱ्यांना वंचिततेचे वाढीव गुण मिळत. १९८३ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर ते बंद झाले, पुढच्या दशकात परत आले आणि २०१७ मध्ये एम.फिल.-पीएच.डी.साठी पुन्हा काढले गेले. दार थोडे उघडले की आतून कुणीतरी कडी लावतो, असा हा इतिहास आहे.

आता मुलाखतीत काय पाहावे, याविषयी २०१६ ची नियमावली काय म्हणते ते पाहा. उमेदवाराची क्षमता आहे काय? हे संशोधन या संस्थेत होऊ शकेल काय? त्यातून नव्या ज्ञानाची भर पडेल काय? प्रश्न साधे दिसतात. परंतु ‘नवे ज्ञान’ कोणते हे ठरविणार कोण? ज्यांच्या जुन्या ज्ञानाला धक्का बसणार आहे, तेच ना?

येथे मला माझ्याबद्दल बोलले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात विषयतज्ज्ञ म्हणून मी अशा मंडळावर बसलो होतो. एक विद्यार्थी आला. लेखीत तो पहिल्या पाचांत होता. आंबेडकरी जलशांवर त्याला काम करायचे होते. म्हाताऱ्या जलसाकारांची गाणी त्याने स्वतः हिंडून उतरवून घेतली होती. पहिला प्रश्न आला, “वडील काय करतात?” तो म्हणाला, “वीटभट्टीवर असतात.” दुसरा प्रश्न, “मग पाच वर्षे निभेल ना?” तिसरा प्रश्न नव्हताच, शेरा होता: “विषय जरा भावनिक वाटतो.” तो वही उघडून दाखवू लागला, तोवर पुढच्या उमेदवाराचे नाव पुकारले गेले.

मी त्याला तीसपैकी सव्वीस गुण दिले. इतर दोघांनी नऊ आणि दहा दिले. सरासरीत तो बाहेर गेला. माझे सव्वीस गुण मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. पण खरी गोष्ट अशी, की “वडील काय करतात, हे येथे का विचारता?” एवढे एक वाक्य मी त्या खोलीत बोललो नाही. बोललो असतो तर पुढच्या वर्षी मला बोलावले नसते, ही भीती होती. राखीव जागेवरून आत गेलेला माणूस आत जाऊन गप्प बसला, तर तो त्या मंडळाला सोयीचाच असतो. दोष त्यांचा आहे. मौन माझे आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी खाजगी अभ्यास करणाऱ्यांना बी.ए., एम.ए.च्या परीक्षा खुल्या व्हाव्यात, अशी अपेक्षा मांडली होती. त्यामागची दृष्टी आजही समजून घेण्यासारखी आहे. अभ्यास कुठे आणि कुणाच्या कृपेने केला हे विचारू नका, काय येते ते पाहा.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. मुलाखत हवीच असेल तर पंधरा गुणांची असावी. तिचे ध्वनिमुद्रण व्हावे. लेखी आणि तोंडी गुण वेगवेगळे जाहीर व्हावेत. लेखीत वर असलेल्याला तोंडीत खाली ढकलणाऱ्याने त्याचे कारण लिहून सही करावी. आणि कुटुंबाविषयीचा प्रश्न विचारण्यास मनाई असावी.

या मागण्या क्रांतिकारक नाहीत, याची मला जाणीव आहे. परंतु मंडळांवर बसणाऱ्या आपल्या प्राध्यापकांनी नियम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तो प्रश्न पुन्हा विचारला जाईल तेव्हा त्याला त्याच खोलीत, त्याच क्षणी हरकत घेतली पाहिजे. त्या मुलाची वही अजून कुठेतरी असेल. ती कुणी तपासली नाही, आणि मी ती मागितली नाही.