पात्रपत्रकाचे आवृत्त्यंतर : नोंदींच्या स्थलांतराची चिकित्सा

प्रस्तावना

कथा, कविता, नाटक यांप्रमाणे प्रपत्र हाही एक लेखनप्रकार आहे. परंतु समीक्षेच्या कक्षेत तो सहसा येत नाही. प्रपत्र भरावयाचे असते, वाचावयाचे नसते, असा समज त्यामागे आहे. वस्तुतः प्रपत्रातील प्रत्येक रकाना हा एक प्रश्न असतो. कोणता प्रश्न विचारला गेला आणि कोणता विचारलाच गेला नाही, यावरून प्रपत्र रचणाऱ्याची माणसाविषयीची धारणा उघड होते. प्रपत्राची आवृत्ती बदलते तेव्हा ही धारणाही बदलते. मात्र जुन्या प्रपत्रात उत्तरे लिहून ठेवलेली व्यक्ती तीच राहते. जुनी उत्तरे नव्या प्रश्नांखाली ठेवताना काय घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या रोल-प्लेइंग खेळातील संगणकावर भरता येणाऱ्या कॅरेक्टर शीटचा, म्हणजेच पात्रपत्रकाचा, आधार घेतला आहे.

१. खेळ, पात्र आणि पत्रक

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. यात पट किंवा सोंगट्या अनिवार्य नसतात. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, 'डंजन मास्टर' हा सूत्रधार प्रसंग उभा करतो आणि अनिश्चित कृतींचा निर्णय फाशांवर होतो. एकच पात्र अनेक महिने, कधी अनेक वर्षे खेळले जाते. पात्राने कमावलेले अनुभव, जखमा, शस्त्रे, मैत्री व वैर यांची एकमेव लेखी नोंद पात्रपत्रकात असते. म्हणून खेळाडूच्या दृष्टीने ते पात्राचे चरित्रच असते.

या खेळाच्या नियमांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. प्रगत आवृत्तीचे प्रमुख ग्रंथ १९७७ ते १९७९ या काळात आले. त्यानंतर दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये, तिसरी २००० मध्ये, तिची सुधारित आवृत्ती २००३ मध्ये, चौथी २००८ मध्ये आणि पाचवी २०१४ मध्ये आली. पाचवीचे नियम २०२४ मध्ये पुन्हा सुधारण्यात आले. याशिवाय नियम तेच ठेवून पत्रकाची मांडणी अथवा त्यातील स्वयंगणना सुधारली जाते, तेव्हा पत्रकाच्याही स्वतंत्र आवृत्त्या होतात. नियमांचे आवृत्त्यंतर आणि पत्रकाचे आवृत्त्यंतर या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यवहारात त्यांची गल्लत होते आणि स्थलांतराचे बहुतेक दोष या गल्लतीतून उद्भवतात.

२. नावाचे साम्य आणि अर्थाचे साम्य

पीडीएफ या दस्तऐवज-स्वरूपात भरता येणाऱ्या रकान्यांची सोय १९९६ मध्ये आली. अशा दस्तऐवजातील नोंदी वेगळ्या काढून दुसऱ्या दस्तऐवजात भरण्यासाठी एफडीएफ नावाची धारिका वापरली जाते. तिची रचना साधी आहे. प्रत्येक रकान्याचे अंतर्गत नाव आणि त्या रकान्यातील मूल्य अशा जोड्या तीत असतात. नवे पत्रक ही धारिका वाचताना नावाशी नाव जुळवते. नाव जुळले तर मूल्य भरले जाते. न जुळल्यास ती नोंद गाळली जाते.

या पद्धतीचा गुण प्रथम लक्षात घेतला पाहिजे. १९७४ च्या नियमांत पात्राचे सहा मूलगुण शक्ती, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळता व प्रभाव या क्रमाने दिले होते. १९८९ च्या आवृत्तीत हा क्रम शक्ती, चपळता, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, प्रभाव असा झाला. जागेवरून जागेवर नक्कल केली असती तर बुद्धीचा अंक चपळतेत जाऊन पडला असता. नावाने जुळवणी केल्यामुळे हा घोटाळा टळतो.

परंतु येथे 'नाव' म्हणजे छापील शीर्षक नव्हे. रकान्याचे अंतर्गत नाव वाचकाला दिसत नाही आणि ते पत्रक रचणाऱ्याच्या घाईगर्दीवर अवलंबून असते. २०१४ च्या अधिकृत पत्रकात 'रेस' या रकान्याच्या अंतर्गत नावाच्या शेवटी एक अदृश्य रिक्त जागा राहून गेली आहे. प्रावीण्याच्या खुणा करावयाच्या चौकटींना 'चेक बॉक्स ११', 'चेक बॉक्स १८' अशी केवळ क्रमांकांची नावे आहेत. पुढील रचनाकाराने ती रिक्त जागा काढून टाकली, म्हणजे वरकरणी चूक दुरुस्त केली, तर जुन्या पत्रकांतील ती नोंद नव्या पत्रकात येणारच नाही. चौकटींच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. खूण केलेल्या चौकटीचे अंतर्गत मूल्य एका आवृत्तीत 'यस' आणि दुसरीत 'ऑन' असेल, तर नाव जुळूनही खूण उमटत नाही. पात्राचे प्रावीण्य अशा वेळी कोणतीही सूचना न मिळता नष्ट होते.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हा प्रकार परिचित वाटेल. हस्तलिखिताची नक्कल करणारा लेखनिक न समजलेला शब्द गाळून पुढे जातो आणि गाळल्याची खूणही ठेवत नाही. तेव्हा पुढील प्रतींत तो पाठ नव्हताच असे भासते. मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. लेखनिकाची चूक दुसरी प्रत ताडून सापडू शकते. पात्रपत्रकाची दुसरी प्रत बहुधा नसते.

३. संकटाची नोंद आणि सामर्थ्याची नोंद

नाव जुळले म्हणजे अर्थ जुळला असेही नाही. चिलखतामुळे मिळणाऱ्या संरक्षणाचा अंक सर्व आवृत्त्यांत 'आर्मर क्लास' या एकाच नावाने ओळखला जातो. दुसऱ्या आवृत्तीपर्यंत हा अंक जितका लहान तितके संरक्षण अधिक असे. चिलखत नसलेल्याचा अंक १० आणि उत्तम चिलखतधाऱ्याचा ३ किंवा त्याहूनही कमी. २००० मध्ये ही दिशा उलटली. चिलखत नसलेल्याचा अंक १०च राहिला, पण संरक्षण वाढेल तसा तो वाढू लागला. जुन्या पत्रकातील ३ हा अंक नाव जुळल्यामुळे नव्या पत्रकात जसाच्या तसा आला, तर कसलेला योद्धा उघड्या अंगाने उभ्या असलेल्या माणसाहूनही दुबळा ठरतो. २० मधून जुना अंक वजा केल्यास १७ हा योग्य अंक मिळतो. परंतु तसे करावे हे पत्रकाला कोणीतरी शिकवावे लागते.

येथे निदान सूत्र उपलब्ध आहे. 'सेव्हिंग थ्रो', म्हणजे संकटातून निभावण्याची शक्यता दर्शविणाऱ्या रकान्यांच्या बाबतीत सूत्रही अपुरे पडते. दुसऱ्या आवृत्तीत असे पाच रकाने होते आणि त्यांची नावे संकटांवरून ठेवली होती : पक्षाघात, विष व मृत्युमंत्र, जादूची कांडी व दंड, पाषाण होणे व रूपांतर, ड्रॅगनचा श्वास, आणि मंत्र. तिसऱ्या आवृत्तीत हे पाचही गेले आणि शरीराची चिवटपणा, हालचालीची तत्परता व मनाचा निग्रह असे तीन रकाने आले. पाचव्या आवृत्तीत प्रत्येक मूलगुणाला एक याप्रमाणे ते सहा झाले.

हा बदल केवळ पाचाचे तीन आणि तिनाचे सहा होण्याचा नाही. जुने पत्रक विचारते, 'या माणसावर काय कोसळू शकते?' नवे पत्रक विचारते, 'या माणसाच्या अंगी काय आहे?' पहिल्यात जगाचे वर्गीकरण आहे, दुसऱ्यात व्यक्तीचे. ड्रॅगनच्या श्वासातून निभावण्याचा जुना अंक चपळतेच्या रकान्यात घालता येईल. पण विषातून आणि मृत्युमंत्रातून निभावण्याचा एकच अंक नेमका कोणत्या गुणाचा, हे जुने पत्रक सांगत नाही, कारण तो प्रश्न त्याला पडलेलाच नव्हता. अशा ठिकाणी नोंदीचे स्थलांतर होऊ शकत नाही. केवळ पुनर्लेखन होऊ शकते.

असाच प्रकार प्रगत आवृत्तीतील योद्ध्यांच्या असाधारण शक्तीचा आहे. शक्ती १८ असलेल्या योद्ध्याला शेकडेवारीचा जादा अंक मिळे व तो '१८/७६' असा लिहिला जाई. तिसऱ्या आवृत्तीत ही तिरकी रेघ नाहीशी झाली. केवळ अंक स्वीकारणाऱ्या रकान्यात ही नोंद बसत नाही, आणि १८ लिहून बसवली तर त्या योद्ध्याचे वेगळेपण पुसले जाते.

४. मूळ नोंद आणि निष्पन्न नोंद

स्वयंगणना करणाऱ्या पत्रकांत एक वेगळा प्रश्न निर्माण होतो. त्यांतील काही नोंदी खेळाडूने केलेल्या असतात, तर काही पत्रकाने गणित करून काढलेल्या असतात. पहिल्यांना मूळ नोंद व दुसऱ्यांना निष्पन्न नोंद म्हणता येईल. तत्त्वतः केवळ मूळ नोंदी स्थलांतरित कराव्यात आणि निष्पन्न नोंदी नव्या पत्रकाने पुन्हा काढाव्यात, हे उचित होय. अडचण अशी की, पत्रकावर दिसणारा अंक मूळ की निष्पन्न, हे पुष्कळदा अंकाकडे पाहून कळत नाही.

एका ड्वार्फ पात्राचा काटकपणा फाशांनी १४ ठरला आणि २०१४ च्या नियमांनुसार ड्वार्फ वंशाचे २ मिळून तो १६ झाला, असे समजा. साध्या पत्रकात १६ एवढेच लिहिलेले असते. २०२४ च्या नियमांत हे जादा गुण वंशाऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याकडे सोपविण्यात आले आणि 'रेस' या शब्दाच्या जागी 'स्पीशीज' हा शब्द आला. नव्या पत्रकाने १६ हा मूळ अंक मानला आणि सैनिकी पूर्वायुष्याचे २ त्यात मिळवले, तर काटकपणा १८ होतो. त्यामुळे गुणावरून मिळणारी भर ३ ऐवजी ४ होते आणि दहाव्या पातळीवरील पात्राला १० प्राणगुण अकारण मिळतात. पाहणाऱ्याला मात्र बेरीज बिनचूकच दिसते.

याच्या उलट, खेळाडूने किंवा सूत्रधाराने जाणीवपूर्वक बदललेला अंकही असतो. एखाद्या शापामुळे वा वरदानामुळे नियमाबाहेरचा अंक हाताने लिहिला जातो. नवे पत्रक पुन्हा गणित करून तो 'सुधारते' आणि मोहिमेतील एक घटनाच पुसली जाते. कागदावरील पत्रकात खोडलेला अंक आणि त्याशेजारचा नवा अंक दोन्ही दिसत. संगणकीय रकान्यात शेवटचे मूल्य तेवढे उरते.

मुक्त लेखनाच्या रकान्यांचे भवितव्यही विचारात घेण्याजोगे आहे. २०१४ च्या पत्रकात स्वभावविशेष, आदर्श, बंध व उणीव असे चार स्वतंत्र रकाने होते. २०२४ च्या पत्रकात पूर्वकथा व व्यक्तिमत्त्व यांसाठी मिळून एकच रकाना आहे. चारांचा मजकूर एकात ओतता येतो. पण उणीव कोणती आणि आदर्श कोणता, हे त्यानंतर वाक्यांवरूनच ओळखावे लागते.

५. देवनागरीतील नोंद

पत्रकात मराठीतून लिहिणाऱ्या खेळाडूला यात एका अडचणीची भर पडते. पीडीएफमधील प्रत्येक रकान्याला अक्षर दाखविण्यासाठी एक फाँट नेमलेला असतो आणि तो बहुधा रोमन लिपीचा असतो. अशा रकान्यात देवनागरीतील नाव युनिकोड संकेतांत अचूक पोहोचले तरी पडद्यावर रिकाम्या चौकटी दिसू शकतात. नोंद आहे, पण दिसत नाही. युनिकोडपूर्व मराठी फाँटांत तयार केलेल्या मजकुराची गत नेमकी उलटी होते. तेथे डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. स्थलांतरात फाँट सुटला की निरर्थक अक्षरे उरतात. जुन्या प्रश्नपत्रिका वा शोधनिबंध नव्या संगणकावर उघडून पाहिलेल्या प्राध्यापकांना हा अनुभव नवा नाही. दिसणे आणि असणे या दोहोंची स्वतंत्र पडताळणी केल्याशिवाय स्थलांतर पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.

६. संमतीचा प्रश्न

आतापर्यंतच्या विवेचनात स्थलांतर करावे की नाही, हा निर्णय खेळाडूच्या हाती आहे असे गृहीत धरले आहे. धारिका त्याच्या संगणकावर असते. जुने पत्रक जपून ठेवण्यास त्याला कोणी अडवत नाही. पात्र महाजालावरील सेवेत नोंदविलेले असते तेव्हा ही परिस्थिती पालटते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'डी अँड डी बियाँड' या सेवेने ऑगस्ट २०२४ मध्ये असे जाहीर केले की, नवे नियम येताच पात्रपत्रकांतील मंत्र व जादूच्या वस्तू यांच्या जुन्या नोंदींची जागा नव्या नोंदी घेतील. खेळाडूंनी तीव्र विरोध केला आणि काही दिवसांतच हा निर्णय मागे घेण्यात आला.

या विरोधाकडे केवळ बदलाविषयीची नाराजी म्हणून पाहणे योग्य होणार नाही. नवे नियम अधिक चांगले असू शकतात. खेळाडूंचा आक्षेप असा होता की, चालू असलेल्या मोहिमेतील पात्राचे वर्णन दुसऱ्या कोणी, न विचारता, बदलू नये. एफडीएफ धारिका काही नोंदी मुकाट्याने गाळते हा तिचा दोष खरा. परंतु ती मूळ पत्रकाला हात लावत नाही, हा तिचा गुण या घटनेनंतर अधिक स्पष्टपणे जाणवतो.

समारोप

वरील विवेचनावरून चांगल्या स्थलांतराच्या काही कसोट्या हाती येतात. रकान्यांची अंतर्गत नावे आवृत्तीगणिक बदलू नयेत. बदलल्यास जुन्या-नव्या नावांची जुळवणी-सारणी पत्रकासोबत असावी. मूळ, निष्पन्न व हाताने बदललेली नोंद यांत भेद करता यावा. ज्या नोंदी नव्या पत्रकात बसल्या नाहीत त्यांची यादी खेळाडूला दिली जावी आणि जुने पत्रक अबाधित राहावे. यांपैकी तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची होय. राहून गेलेल्या नोंदींची यादी मिळाली की खेळाडू आपली माहिती पुन्हा लिहू शकतो. ती न मिळाल्यास आपले काय हरवले हेच त्याला कळत नाही.

पात्रपत्रकातील व्यक्ती काल्पनिक असते. तिचा काटकपणा दोनाने वाढला तरी प्रत्यक्ष जगात कोणाचे काही बिघडत नाही. परंतु विद्यार्थ्याची गुणनोंद, रुग्णाचा इतिहास, कर्मचाऱ्याचे सेवापुस्तक ही प्रपत्रेही अशीच एका आवृत्तीतून दुसरीत नेली जातात. तेथेही नाव जुळल्यावर अर्थ जुळला असे मानले जाते आणि न जुळलेली नोंद आवाज न करता गळते. खेळाच्या पत्रकात हा दोष निर्धास्तपणे तपासता येतो, एवढाच दोहोंतील फरक आहे.