बेसिक म्हणजे सोपे?

‘निदान बेसिक तरी पक्के हवे’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकू येते. बेसिक माहिती, बेसिक कोर्स, बेसिक मोबाइल: सगळीकडे बेसिक म्हणजे थोडके, सोपे, स्वस्त. हा अर्थ चुकीचा नव्हे. पण वर्धा जिल्ह्यातल्या शिक्षकाने तरी तो तपासून घ्यावा.

ग्रीक ‘बासिस’ म्हणजे पाऊल, आणि पाऊल टेकते ती बैठक. त्याचा धातू संस्कृत ‘गम्’चा भाऊबंद आहे. (आपल्या ‘पाया’तही पाय आहेच!) गंमत अशी, की इंग्रजीत ‘बेसिक’ हे विशेषण १९ व्या शतकात प्रथम आले ते रसायनशास्त्रात. १७५४ साली रूएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, आम्लाशी संयोग पावून लवणाला घनरूप देणाऱ्या पदार्थाला ‘बेस’ म्हटले होते. म्हणजे लवणाची बैठक. आपण त्याला आम्लारी, आम्लाचा शत्रू, म्हणतो. उदासिनीकरण शिकवताना ही संज्ञा सोयीची आहे, पण बैठकीची कल्पना तीत हरवते. ‘नीच’ या अर्थाचा इंग्रजी ‘बेस’ मात्र वेगळ्या, लॅटिन मुळाचा.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीच्या अहवालाच्या नावातच ‘बेसिक’ आहे. सर्वांना सात वर्षांचे, मातृभाषेतून शिक्षण मिळावे, म्हणजे ‘किमान’ हा अर्थ त्यात होता हे मान्य. पण सर्व विषय एका हस्तोद्योगाच्या बैठकीवर उभे राहावेत, हे त्यातले खरे नवेपण. मराठीत ‘मूलोद्योग शिक्षण’ ही संज्ञा त्यामुळे चपखल होती. दुर्दैवाने अनेक शाळांत मूळ राहिले बाजूला आणि उद्योगाचा एक तास तेवढा वेळापत्रकात शिरला. टकळी दुपारी, गणित सकाळी. दोघांची गाठ नाही.

वास्तविक गाठ घालणे अवघड नव्हते. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी भरतात, तो सुताचा अंक. अंक वाढला की सूत बारीक. इथे व्यस्त प्रमाण बोटांना कळते. २० अंकी सूत पौंडाला १६,८०० वार, म्हणजे सुमारे १५.३६ किलोमीटर भरते. वर्ध्याहून सेवाग्राम साधारण ८ किलोमीटर आहे. एक पौंड सूत तिथवर जाऊन परत येईल का, हे सातवीच्या मुलांना विचारून पाहावे.