समुद्रावरचे युद्ध आणि मराठी कादंबरी

मराठी वाङ्मयात युद्ध येते ते बहुधा घोड्यावर बसून. समुद्र येतो तो विरहाचा किंवा देशभक्ताच्या तळमळीचा साक्षीदार म्हणून. पोटासाठी बोटीवर चढलेला आणि तेथेच युद्धात सापडलेला माणूस माझ्या वाचनात क्वचितच आला; त्याचे घर तर त्याहून क्वचित.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) ही अर्थातच मोठी कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा. येऊ घातलेल्या महायुद्धाची सावली इतक्या थोड्या पानांत इतकी गडद दुसऱ्या कोणी उमटवलेली मला ठाऊक नाही. पण ती प्रवाशांची कादंबरी आहे. प्रवाशाला बोट म्हणजे चार दिवसांचे जग. मुंबई आली की चक्रधर उतरू शकतो. खलाशी उतरत नाही. हा बेडेकरांचा दोष नव्हे, त्यांचा विषयच तो. नवल वाटते ते याचे, की त्या डेकवरून खाली बोटीच्या पोटात उतरावे असे नंतरच्या कादंबरीकारांना फारसे वाटले नाही.

सामग्री का थोडी होती? रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाड्याखाड्यांतून, विशेषतः कोकणी मुसलमानांच्या घरांतून, पिढ्यानपिढ्या तरणी माणसे आरमारात आणि कंपन्यांच्या बोटींवर गेली. सारंग, तांडेल, आगवाला, भंडारी हे तिकडे घरातले शब्द. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने अगदी तुटपुंजा. टॉर्पेडो मात्र दोघांना सारखाच. आमच्या येरवड्याजवळ खडकीला युद्धात पडलेल्यांच्या दगडी पाट्या ओळीने उभ्या आहेत. समुद्रात गेलेल्याला पाटी कोठली? मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात दुसऱ्या महायुद्धातल्या अशा सहा हजारांवर माणसांच्या नावांचे पुस्तक आहे, बस्स.

११ नोव्हेंबर १९४२ रोजी 'बेंगाल' या आपल्या आरमाराच्या चिमुकल्या जहाजाने 'ओंडिना' या डच तेलवाहू बोटीच्या साथीने हिंदी महासागरात दोन जपानी जहाजांशी झुंज दिली, आणि त्यांतले एक बुडाले. इतिहासकार येथे तोफा मोजतो. ते त्याचे कामच आहे. कादंबरीकाराने काय मोजावे?

माझ्या आजीचे दोघे भाऊ त्या वर्षांत समुद्रावर होते. थोरला आरमारात, धाकटा कंपनीच्या बोटीवर. थोरल्याचे पत्र येई ते सेन्सॉरने गावांची नावे काळी करून. मुलगा जिवंत आहे एवढे कळे, कोठे आहे ते कळत नसे. धाकट्याची मनीऑर्डर हेच त्याचे पत्र. ती एक महिना आली नाही, मग दुसराही. पुढे कागद आला. त्यात बोट बुडाल्याचे होते, दिवस नव्हता. तिथी ठाऊक नसलेल्याचे पान सर्वपित्रीला वाढतात. पणजीने कित्येक वर्षे तेही वाढू दिले नाही. पान वाढले तर परत येणारा माणूस दारातूनच मागे फिरेल, असे ती म्हणे. आता या एका वाक्यापुढे तोफांची संख्या कितीशी टिकते, वाचकांनीच सांगावे.

थोरला फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या उठावात होता. १८ तारखेला 'तलवार'वर तो उठाव सुरू झाला. मागाहून शेकडो नाविकांना काढून टाकले, त्यांत हाही. या उठावावर उत्पल दत्तांनी १९६५ साली 'कल्लोल' हे नाटक केले, आणि तेही बंगालीत! मुंबईच्या पाण्यावर घडलेले कलकत्त्याच्या रंगभूमीने उचलले. त्या नाटकातली 'खैबर' शरण जात नाही. रंगभूमीला ते शोभते. खऱ्या नाविकांनी २३ फेब्रुवारीला शरणागती पत्करली, आणि त्या शरण आलेल्यांच्या घराची गोष्ट मला अधिक अवघड, म्हणूनच अधिक कादंबरीची वाटते. एक भाऊ इंग्रजांच्या बोटीवर मेला, दुसरा इंग्रजांविरुद्ध उठला, आणि आईने दोघांच्या पगारावर घराची कौले बदलली. यांतला देशभक्त कोण, असे विचारणाऱ्या लेखकाने या विषयाच्या वाटेला जाऊ नये.

अशी कादंबरी कधी हाती आली, तर तिच्यात मी आधी ती मनीऑर्डर शोधीन. ती कोणाच्या अंगठ्यावर सुटत होती, आणि त्या पैशांतून घरात पहिल्यांदा काय येत होते?