तास, तासिका आणि कार्यभार : शालेय वेळापत्रकाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

प्रस्तावना :

मराठीतील शिक्षणविषयक परिभाषेची चर्चा सामान्यतः ‘अध्ययन’, ‘मूल्यमापन’, ‘ज्ञानरचनावाद’ यांसारख्या व्यापक संज्ञांभोवती होत आली आहे. शाळेचा रोजचा दिवस मात्र या संज्ञांवर चालत नाही. तो चालतो मुख्याध्यापकांच्या दालनात भिंतीवर लावलेल्या तक्त्यातील शब्दांवर : तास, तासिका, परिपाठ, मधली सुट्टी, जोडतास, बदली तास, कार्यभार. हे शब्द सर्वांच्या इतके सवयीचे झाले आहेत की त्यांची चिकित्सा करावी असे सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः कोणत्या विषयाला शाळेत किती जागा मिळावी, आणि कोणत्या शिक्षकाला नोकरी मिळावी, याचा निर्णय पुष्कळदा याच शब्दांच्या आधारे होतो. या शब्दांतील संदिग्धता कोणाच्या पदरात पडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सांगली जिल्ह्यातील कुंडल हे गाव या विचारासाठी विशेष सोयीचे आहे. स्वातंत्र्यापूर्वी हा परिसर औंध संस्थानात होता. संस्थानाचे विलीनीकरण १९४८ साली झाले. पुढच्याच वर्षी दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणजे एकाच गावातील शाळांनी संस्थानी दरबार, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र शासन अशा तीन राजवटींची परिपत्रके वाचली. त्यातच १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शेजारच्या माळावर कारखाना उभा केला आणि पूर्वी ‘कुंडल रोड’ म्हणून ओळखले जाणारे रेल्वे स्थानक पुढे किर्लोस्करवाडी झाले. रेल्वे, कारखाना आणि शाळा अशा काळ मोजणाऱ्या तीन व्यवस्था येथे शेजारी नांदल्या. रेल्वे आणि शाळा दोन्ही ‘वेळापत्रक’ हाच शब्द वापरतात. कारखान्याचा शब्द ‘पाळी’. रेल्वेच्या वेळापत्रकातील मिनिट हे मिनिटच असते आणि पाळीचे तासही घड्याळाचेच असतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी आठवड्याच्या ४८ तासांची मर्यादा घातली, ती मोजताना ‘तास’ म्हणजे काय असा प्रश्न कोणास पडत नाही. शाळेत मात्र तो पडतो.

‘तास’ आणि ‘तासिका’ :

‘तास’ हा शब्द फारसीमार्गे मराठीत आला. ज्या धातूच्या जाड थाळीवर टोला देऊन वेळ सांगत, ती थाळी म्हणजे तास. पुढे टोल्यांमधील कालावधीलाही तेच नाव मिळाले. शाळेच्या आवारात लोखंडी पट्टीवर टोला देणारा शिपाई नकळत या शब्दाचा मूळ अर्थच सांभाळत असतो. ‘तासिका’ ही त्यावर केलेली नंतरची घडण आहे. पुस्तकावरून पुस्तिका, नाटकावरून नाटिका, तशी तासावरून तासिका, म्हणजे लहान तास. परकीय शब्दाला संस्कृत लघुत्वदर्शक प्रत्यय जोडण्याची ही युक्ती शुद्धिवाद्यांना रुचणारी नाही. तरीही ती मोठी उपयुक्त आहे, कारण साठ मिनिटांचा तास आणि वर्गातील तीस-पस्तीस मिनिटांचा तास यांत फरक करण्याची सोय तिने करून दिली.

दुर्दैव असे की ही सोय व्यवहारात कोणी वापरली नाही. शिक्षकांच्या बोलण्यात ‘तास’च टिकला, ‘तासिका’ कागदावर गेली. कागदावरही तिला निश्चित लांबी मिळाली नाही. प्राथमिक शाळेत ती तीस किंवा पस्तीस मिनिटांची, माध्यमिक शाळेत पस्तीस-चाळीस मिनिटांची, तर राज्यातील अनेक महाविद्यालयांत ४८ मिनिटांची असते. (दोन घटिकांचा एक मुहूर्त म्हणजे बरोबर ४८ मिनिटे. हा योगायोगच असावा. महाविद्यालयांनी पंचांग पाहून वेळापत्रक केल्याचा पुरावा नाही.) आणि जेथे मानधन द्यावयाचे असते तेथे हीच तासिका ‘घड्याळी’ होऊन साठ मिनिटांची बनते.

या संदिग्धतेचे मोल आकड्यांतच कळते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस व ८०० अध्यापन तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास ठरवून दिले. येथील तास घड्याळाचा आहे. सातवीच्या वर्गाला दिवसाला पस्तीस मिनिटांच्या आठ तासिका असतील, तर २२० दिवसांत सुमारे १०२७ तास होतात आणि अट जेमतेम पूर्ण होते. तासिका आठच्या सात झाल्या, तर बेरीज ८९८ तासांवर येते. परंतु रोजच्या बोलीत दोन्ही शाळांत वर्षाला दीड हजारांहून अधिक ‘तास’ झालेले असतात, आणि वार्षिक नियोजनाच्या तक्त्यात तसे लिहिलेले दिसले तरी ते खोटे म्हणता येत नाही. तासिकेला तास म्हणण्याची सवय एवढी जुनी आहे की कायद्याच्या भाषेतील कमतरता शाळेच्या भाषेत दिसतच नाही.

शब्दांची वाढ आणि वेळेची घट :

अभ्यासक्रम-नियोजनाच्या परिभाषेत याहून गंभीर गोष्ट आढळते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. १९३९ साली गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली संस्थानाने स्वराज्याची घटना स्वीकारली. त्याच्या थोडे आधी, १९३७ साली, वर्धा येथील परिषदेतून नयी तालीमची योजना पुढे आली होती आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला होता. त्या समितीने सुचविलेल्या साडेपाच तासांच्या दिवसात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे होती. मातृभाषेला ४० मिनिटे, संगीत-चित्रकला-गणिताला मिळून ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला ३० मिनिटे, शारीरिक शिक्षणाला १० आणि सुट्टीला १० मिनिटे. या योजनेवर आक्षेप पुष्कळ घेतले गेले आणि त्यांतील काही योग्यही होते. परंतु परिभाषेच्या दृष्टीने तिचा एक गुण निर्विवाद आहे : ‘मूलोद्योग’ हा शब्द जो दावा करतो, तो वेळेच्या रकान्यात खरा ठरतो. मूळ म्हटले तर निम्म्याहून अधिक दिवस त्याला दिलेला आहे.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ ही संकल्पना आणली. मराठी संज्ञा चांगली घडली आहे. कार्य आणि अनुभव यांची सांगड तीत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर (१९८६) अभ्यासक्रमाला गाभाघटकांची जोड मिळाली. पुढे ‘कार्यशिक्षण’ आले, ‘क्षमता’ आल्या, ‘अध्ययन निष्पत्ती’ आल्या. शब्द भारदस्त होत गेले आणि मिनिटे आटत गेली. दिवसाचे ३ तास २० मिनिटे ज्या कामाला मिळावीत अशी अपेक्षा होती, ते आठवड्यातील मोजक्या तासिकांवर आले. या तासिकाही बहुतेक वेळापत्रकांत मधल्या सुट्टीनंतर, दिवसाच्या शेवटाला पडतात. चित्रकलेचा ‘कला शिक्षण’ आणि कवायतीचा ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ असा नामविस्तारही याच वाटेने झाला. विद्यार्थी आजही ‘पी.टी.चा तास’ म्हणतात, आणि त्या लहानशा शब्दात त्या विषयाच्या प्रत्यक्ष स्थानाचे वर्णन अधिक प्रामाणिकपणे येते.

२००९ च्या अधिनियमाने या उतरणीला एक नवी संज्ञा दिली. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक पट असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी ‘अंशकालीन निदेशक’ नेमावेत, अशी तरतूद झाली. भाषा, गणित, विज्ञान शिकविणारा तो ‘शिक्षक’. चित्र शिकविणारा तो ‘निदेशक’. विषयाचे नाव मोठे झाले, पण तो शिकविणाऱ्याचे नाव बदलले. आणि नाव बदलले की संचमान्यतेच्या तक्त्यातील रकानाही बदलतो, हे शिक्षण विभागाशी पत्रव्यवहार करणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकास ठाऊक आहे.

शाळेची स्वतःची परिभाषा :

शासकीय परिभाषेच्या खाली शिक्षकांनी घडविलेली दुसरी परिभाषा आहे आणि अर्थाच्या बाबतीत ती अधिक काटेकोर आहे. ‘टाचण’ हा शब्द पाहावा. पाठनियोजन, घटक नियोजन अशा संज्ञा आल्या तरी शिक्षक ‘टाचण काढतो’. थोडक्यात टिपून ठेवणे हा अर्थ त्यात नेमका आहे. ‘परिपाठ’ या शब्दाचा जुना अर्थ नित्यक्रम, वहिवाट. शाळेने त्याला सकाळच्या प्रार्थना-बातम्या-सुविचारांचा विशिष्ट अर्थ दिला आणि तो रूढ केला. अभ्यासक्रम, पाठ्यक्रम, शिक्षणक्रम यांतील भेद कोशात असला तरी शासकीय लेखनात तो पाळला जातोच असे नाही. ‘राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५’ मधील अभ्यासक्रम आणि ‘अभ्यासक्रम वेळेत पूर्ण करावा’ या सूचनेतील अभ्यासक्रम एक नव्हेत. शिक्षकांनी यावर ‘पोर्शन’ हा इंग्रजी शब्द घेऊन तोडगा काढला आहे. ‘पोर्शन संपला’ म्हणणारा शिक्षक अभ्यासक्रम संपल्याचा दावा करीत नाही. येथे इंग्रजी शब्दाला नाक मुरडण्यापेक्षा त्याने कोणती उणीव भरून काढली ते पाहणे उचित.

तासाशी जोडलेली क्रियापदे तर विशेष बोलकी आहेत. तास ‘घेतला’ जातो, ‘मागितला’ जातो, ‘बुडतो’, ‘भरून काढला’ जातो. ही सारी देण्याघेण्याची, उसनवारीची भाषा आहे. दहावीच्या वर्षी गणिताचे शिक्षक चित्रकलेचा तास मागून घेतात; चित्रकलेचे शिक्षक गणिताचा तास मागतात असे सहसा घडत नाही. वेळापत्रकाच्या तक्त्यात दोन्ही चौकोन सारख्याच आकाराचे असतात. विषयांची खरी उतरंड या क्रियापदांत नोंदली गेली आहे, अध्ययन निष्पत्तींच्या यादीत नाही.

‘कार्यभार’ आणि ‘तासिका तत्त्व’ :

महाविद्यालयीन अध्यापकांना या प्रश्नाचा चटका सर्वांत जवळून बसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्यास १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे, अशी अपेक्षा आहे. एखाद्या विभागाचा आठवड्याचा कार्यभार ४८ मिनिटांच्या ८० तासिका असा आहे, असे मानू. तासिका म्हणजेच तास असे धरले, तर पाच पदे होतात. घड्याळाचे तास मोजले, तर ८० तासिकांचे ६४ तास होतात आणि पदे चार. पाचव्या व्यक्तीची नोकरी अशा वेळी ‘तास’ या शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहते. श्रेयांक पद्धतीने यात भर घातली. महाविद्यालयात व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात मात्र एका श्रेयांकामागे ३० अध्ययन तास आणि वर्षाला ४० श्रेयांकांसाठी १२०० तास धरले आहेत. पहिल्या हिशेबात शिक्षकाचा वेळ आहे, दुसऱ्यात विद्यार्थ्याचा. दोन्हीकडे मराठीत ‘तास’च.

‘कार्यभार’ या संज्ञेची दुसरी मर्यादा अशी की तिच्यात केवळ वर्गासमोरील वेळ मोजला जातो. २००९ च्या अधिनियमाची अनुसूची शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत पूर्वतयारीचाही समावेश करते. म्हणजे शालेय शिक्षकाच्या बाबतीत टाचण काढण्याचा वेळ हा कामाचा वेळ आहे, असे विधिमान्य झाले आहे. परंतु वेळापत्रकाच्या तक्त्यात त्यासाठी चौकोन नाही. ज्या चौकोनात वर्ग नाही तो ‘ऑफ तास’ ठरतो आणि बदली तासासाठी सर्वांत आधी तोच उचलला जातो.

तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या वाट्याला ही मर्यादा तिच्या पूर्ण स्वरूपात येते. ‘तत्त्व’ हा शब्द येथे कसा आला, हे पाहण्यासारखे आहे. ‘अनुकंपा तत्त्व’ म्हणताना निदान अनुकंपा हे मूल्य समोर असते. ‘कंत्राटी तत्त्व’, ‘विनाअनुदान तत्त्व’, ‘तासिका तत्त्व’ या रचनांत तत्त्वाच्या जागी केवळ पैसे देण्याची किंवा न देण्याची पद्धत आहे. या अध्यापकाने घेतलेली तासिका मोजली जाते. तिच्यासाठी आदल्या रात्री केलेले वाचन, अंतर्गत चाचणीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका आणि दोन तासिकांमध्ये अध्यापक कक्षात काढलेला रिकामा वेळ मोजला जात नाही. सुट्टीच्या दिवशी पडलेला तास तर हिशेबातच येत नाही. किर्लोस्करवाडीच्या रेल्वे स्थानकावर उतरून पहिल्या आणि पाचव्या तासिकेसाठी आलेला अध्यापक दिवसाचे किमान चार तास महाविद्यालयाच्या आवारात असतो. देयकावर त्याचे दोन तास लागतात, आणि तासिका ४८ मिनिटांची असेल व हिशेब घड्याळी असेल तर दोनही पुरे लागत नाहीत.