अभयाची दुसरी बाजू

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीच्या गुणांची जी माळ गुंफलेली आहे, तिच्यात पहिले स्थान अभयाला दिलेले आहे. ज्ञान, दान, तप, सत्य, अहिंसा, क्षमा ही सारी त्याच्या मागून येतात. हा क्रम निव्वळ छंदाच्या सोयीने पडला असे म्हणून भागत नाही. भ्यालेल्या मनाला सत्य बोलता येत नाही, मोकळ्या हाताने दान देता येत नाही, आणि क्षमा तर मुळीच करता येत नाही. इतर गुण ज्या भूमीवर उभे राहावयाचे ती भूमीच अभयाची आहे, असे गीताकाराला अभिप्रेत असावे.

परंतु अभय म्हणजे नेमके काय? आपण कोणाला भीत नाही, एवढाच त्याचा अर्थ घेण्याची आपली सवय आहे. आणि मनाच्या श्लोकांतून रामदासांनी भित्र्या मनाला दिलेला दटावणीचा सूर लहानपणापासून कानांत असल्यामुळे मराठी माणसाची ही सवय विशेष दृढ झालेली आहे. कलकत्त्यात राहणाऱ्या मराठी वाचकाला मात्र हा अर्थ पुन्हा तपासून पाहावा लागतो. त्याचे कारण या नगराच्या इतिहासात आहे आणि बंगाली वाङ्मयातही आहे. प्रस्तुत लेखात तीन कृतींचा विचार करावयाचा आहे : ज्ञानेश्वरी, स्वामी विवेकानंदांची ‘काली द मदर’ ही इंग्रजी कविता, आणि गंगारामाचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य. पहिल्या दोन कृती भय जिंकण्याच्या वाटा सांगतात. तिसरीत त्या वाटांचा कस लागतो.

इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य केले, तेव्हा अभय या एका पदाची त्यांनी दोन प्रकारांनी फोड केली. पहिला प्रकार व्यवहाराच्या जवळचा आहे. ज्याने महापुरात उडीच घातली नाही त्याला बुडण्याची धास्ती नाही. जो पथ्याने राहतो त्याच्या घरी रोगाची चिंता नाही. त्याचप्रमाणे कर्म करताना किंवा न करताना ज्याने अहंकाराला डोके वर काढू दिले नाही, त्याला संसाराचा दरारा उरत नाही. दुसरा प्रकार अद्वैताचा. जे दुसरे म्हणून दिसते ते आत्माच आहे असे जाणणे, म्हणजे भयाची वार्ताही देशोधडीला लागते. येथे ज्ञानेश्वर मिठाचा दृष्टान्त देतात. पाणी मिठाला बुडवावयास येते, तोच मीठ स्वतः पाणी होऊन जाते. मग बुडवावे कोणी आणि कोणाला?

या दृष्टान्ताचे मर्म बारकाईने पाहण्यासारखे आहे. बृहदारण्यक उपनिषदाने भयाचे मूळ दुसरेपणात आहे असे फार पूर्वीच सांगितले होते. पण दुसरेपण नाहीसे करण्याचे मार्ग दोन आहेत. एकात मी दुसऱ्याला गिळून टाकतो. दुसऱ्यात मी माझे वेगळेपण सोडतो. जगज्जेत्यालाही शेवटी कोणी शत्रू उरत नाही, म्हणून तो निर्भय झाला असे वरवर भासते. ज्ञानेश्वरांनी मात्र विरघळण्याचे काम मिठाकडे दिले आहे. पाण्याचे काहीच गेलेले नाही. गेला तो मिठाचा खडा. भयाचा नाश येथे अहंतेच्या नाशातून होतो, समोरच्याच्या नाशातून होत नाही. हा भेद निसटला, तर अद्वैताची भाषा दांडगाईच्या मुखीही शोभू लागेल.

बंगालची वाट वेगळी दिसते. दक्षिणाकालीच्या मूर्तीत डाव्या हातांत खड्ग आणि छिन्न मस्तक आहे. उजवे हात वर आणि अभय देणारे आहेत. भय आणि अभय एकाच देहाला जोडलेली आहेत. विवेकानंदांनी १८९८ च्या सप्टेंबरात काश्मीरात लिहिलेल्या ‘काली द मदर’ या कवितेत खड्गाच्या बाजूलाच सारे नाट्य आहे : तारे झाकोळून टाकणारा काळोख, मुळासकट झाडे उपटणारे वादळ, आणि त्यातून नाचत येणारी मृत्युरूपा माता. जो दुःखावर प्रेम करू धजेल आणि मृत्यूला मिठी मारील त्याच्याकडेच ही माता येते, असा कवितेचा निष्कर्ष आहे. सत्येंद्रनाथ दत्तांनी तिचे ‘मृत्युरूपा माता’ या नावाने बंगालीत भाषांतर केले, आणि बंगाली वाचकाला ती आपलीच वाटली.

गीतेच्या अकराव्या अध्यायातील विश्वरूपदर्शनाशी ही कविता ताडून पाहिली, तर फरक ध्यानात येतो. तेथे अर्जुन भ्यालेला आहे आणि ते उग्र रूप आवरून घेण्याची विनवणी करीत आहे. श्रीकृष्ण ती मान्यही करतात. ज्ञानेश्वरांचा श्रीकृष्ण मात्र अर्जुनाला थोडे बोल लावतो : अमृताचा सागर लाभावा आणि बुडू म्हणून माणसाने माघारी फिरावे, तसे तू केलेस! विवेकानंदांचा साधक माघारी फिरत नाही. एवढ्यापुरता तो ज्ञानेश्वरांच्या अपेक्षेतला अर्जुन आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

तथापि या कवितेला एक धोका आहे. भीषणाच्या उपासनेतून माणूस निर्भय होईल हे खरे. पण तो कठोरही होणार नाही कशावरून? भगिनी निवेदिता १३ फेब्रुवारी १८९९ रोजी कलकत्त्याच्या अल्बर्ट हॉलमध्ये, म्हणजे हल्लीच्या कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाउसच्या वास्तूत, कालीपूजेवर बोलल्या, तेव्हा डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी भर सभेत विरोध केला होता. विज्ञाननिष्ठ डॉक्टरांना त्यात अंधश्रद्धेचे पुनरुज्जीवन दिसले. आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा खचित नव्हता. पण त्याचे उत्तर वादातून मिळण्याऐवजी कृतीतून मिळाले. त्याच वर्षी प्लेगची साथ आली. निवेदितांनी रामकृष्ण मिशनच्या वतीने बागबाजारातील सफाईचे काम अंगावर घेतले, आणि प्लेगने पछाडलेल्या एका मातृहीन मुलाला त्या ओल्या झोपडीत मांडीवर घेऊन बसल्या. डॉ. राधागोविंद कर यांनी हे चित्र लिहून ठेवले आहे. मृत्यूला मिठी मारणे याचा अर्थ मरणाऱ्याला जवळ घेणे असा होतो, हे त्या झोपडीत सिद्ध झाले. कवितेचे याहून अचूक भाष्य दुसरे आढळत नाही.

याच बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालात उतरल्या, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी नगराभोवती खंदक खणावयास घेतला. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाला आणि काम थांबले. ज्यांच्यासाठी तो खणला ते मराठे कलकत्त्यापर्यंत कधी आलेच नाहीत. पुढे खंदक बुजला आणि त्याच्या बऱ्याच भागावरून सर्क्युलर रोड गेला. भयाने माणसाकडून किती माती उपसून घ्यावी याचा हा नमुना आहे. पण शत्रू नगरात आला नाही म्हणून ते भय पोकळ होते, असे आपण मराठ्यांनी म्हणू नये. नगराबाहेरच्या बंगालात तो आला होता.

गंगारामाचे ‘महाराष्ट्र पुराण’ त्याची साक्ष देते. १७५१ च्या सुमारास लिहिलेले हे काव्य विसाव्या शतकाच्या आरंभी बंगीय साहित्य परिषदेच्या पत्रिकेतून उजेडात आले. काव्यगुणांच्या दृष्टीने ते ओबडधोबड आहे. पण पलायनाचा भाग एकदा वाचलेला विसरत नाही. पंडित पोथ्यांची गाठोडी घेऊन पळतात, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. गर्भवती स्त्रियांना वाटेतच वेणा सुरू होतात. बारगीर कोठे पाहिलेत, असे पळणाऱ्यांना कोणी विचारतो. तेव्हा ते सांगतात की डोळ्यांनी कोणी पाहिले नाहीत, सगळे पळतात म्हणून आम्हीही पळतो. भयाचे इतके साधे आणि इतके खरे विश्लेषण मोठ्या तत्त्वग्रंथांतही विरळा. आणि मग मोकळ्या शेतात घोडेस्वार खरोखरच त्यांना घेरतात. आपल्या भाषेत बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा साधा स्वार. बंगालीत ‘बर्गी’ हे त्याचे रूप अंगाईगीतात जाऊन बसले, आणि मुले त्याच्या नावाने निजू लागली.

गंगारामाची तात्त्विक बाजूही विचारार्ह आहे. पृथ्वीला पापाचा भार झाल्यामुळे शिवाच्या प्रेरणेनेच मराठे येतात, अशी त्याच्या कथेची मांडणी आहे. म्हणजे त्यांना आरंभी दैवी अधिष्ठान आहे. पण ब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रिया यांच्यावर अत्याचार होऊ लागताच देवी त्यांच्यावर उलटते आणि नबाबाच्या पाठीशी उभी राहते. भास्कररामांनी दाइनहाट येथे मांडलेली दुर्गापूजा अलिवर्दीखानाच्या हल्ल्यामुळे अर्धवट सोडावी लागली, आणि १७४४ मध्ये मानकऱ्यास ते दग्याने मारले गेले. देवीच्या नावाने शस्त्र घेतलेला पुरुष निर्भय असेल. पण त्याच्यामुळे निरपराध माणसे भिऊ लागली की देवी त्याची राहत नाही, असा या कवीचा न्याय आहे. तो पराभूत पक्षाचा कवी होता म्हणून हा न्याय टाकून देता येणार नाही.

कारण हाच न्याय गीतेतही आहे. बाराव्या अध्यायातील भक्ताचे लक्षण दुहेरी आहे : जगाला ज्याचा उद्वेग नाही आणि ज्याला जगाचा उद्वेग नाही. जगाला त्याचा उद्वेग नसणे हे आधी सांगितले आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. ज्ञानेश्वर येथे समुद्राचा दृष्टान्त देतात. समुद्र कितीही माजला तरी जळचरांना त्याची भीती वाटत नाही, आणि जळचरांनी समुद्र कधी उबगत नाही. सामर्थ्य आहे, गर्जना आहे, तरीही आत राहणाऱ्या लहान जिवाला धाक नाही. संन्यास घेताना सर्व भूतांना अभय देण्याचा जो विधी आहे, त्याचा आशयही हाच. मूर्तीच्या अभयहस्ताचा तळवा भक्ताकडे वळलेला असतो. अभय ही प्रथम द्यावयाची वस्तू आहे. मिळते ती नंतर.

आपल्यापैकी बहुतेकांना या गावी सरकारी किंवा निमसरकारी अधिकाराच्या खुर्चीवर बसून दिवस काढावे लागतात. आपल्याकडे घोडा नाही आणि भालाही नाही. पण आपल्या सहीवर कोणाचे तरी निवृत्तिवेतन, कोणाचा परवाना, कोणाची बदली अडलेली असते, आणि दाराबाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. वरिष्ठांना न भिणारा अधिकारी म्हणून आपली ख्याती असेल. ती चांगलीच आहे. पण ज्ञानेश्वरांच्या कसोटीला ती अर्धीच उतरते. बाकावरचा तो माणूस निर्धास्त असेल तेव्हा उरलेली अर्धी बाजू पुरी होईल.

बंगालच्या मनातील मराठी नावाचे भय कमी होण्यास असेच प्रयत्न कारणी लागले. देवघरजवळ जन्मलेले सखाराम गणेश देउस्कर (१८६९–१९१२) यांनी बंगालीत लिहिले, बंगालचे दुःख आपले मानले, आणि १९०४ मध्ये ‘देशेर कथा’ हा ग्रंथ दिला. सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. त्याच १९०४ साली रवींद्रनाथांनी ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली. ज्या भाषेत बर्गी अंगाईत होता त्याच भाषेत शिवाजीचे स्तवन झाले, यात देउस्करांसारख्यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी बंगाल्यांना धैर्याचा उपदेश करण्यात वेळ घालविला नाही. ते मिठासारखे त्या पाण्यात विरघळले. भयाच्या निरसनाची ज्ञानेश्वरप्रणीत रीत ती हीच, आणि परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती आचरण्याची संधी रोज मिळत असते.